मेट्रनची कोठडी

सिस्टरने शिकाऊला पहिल्यांदा न्हाणीघरात आणलं, त्या दिवशी तिला कुणी विचारलं असतं तर तिने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की आपण करतोय ते बरोबरच आहे. दुखणाईत दिसला की त्याला बाकीच्यांपासून वेगळं काढायचं, जखम धुवायची, औषध लावायचं, वेळच्या वेळी खायला घालायचं. उभा जन्म तिने हेच केलं होतं. फरक एवढाच, की आताचा पेशंट कोंबडी होता आणि टॉवेलात गुंडाळल्यावर टॉवेलातच हगला होता.

नोकरी सुटून काही वर्षं झाली तरी गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. तिच्या नवऱ्याला जमादार म्हणत, कारण ते तुरुंगात जमादार होते. एकीने आयुष्यभर माणसं बरी करून घरी धाडली, दुसऱ्याने घरून आलेली माणसं कोंडून ठेवली, आणि तरी दोघांचा संसार नीट झाला, याचं गल्लीला नवल वाटे. सिस्टर म्हणे, त्यात नवल कसलं, दोघांनाही पहाटे उठून मोजदाद करायची सवय.

मागच्या परसात पाच कोंबड्या होत्या. दोन करड्या, एकीसारखी दुसरी, म्हणून जुळ्या. एक तांबडी. एक पांढरी, सगळ्यांत लहान, दाणे टिपतानाही इकडेतिकडे बघणारी, ती शिकाऊ. आणि एक काळी, अंगाने भरलेली, जिचा तुरा डोक्यावर तिरका पडलेला असे, टोपीसारखा. ती परसात फिरायला लागली की वॉर्डात मोठ्या नर्सबाईंचा राऊंड आल्यासारखं वाटे. तिचं नाव मेट्रन. हे नाव जमादारांनी ठेवलं होतं. “कुणावरून ठेवलंत?” असं सिस्टरने विचारलं, तेव्हा ते छताकडे बघत राहिले होते.

तर या मेट्रनने शिकाऊच्या मानेमागची पिसं उपटली होती, आणि पिसं गेली तिथे बटणाएवढी जखम केली होती.

सिस्टरने जखम धुतली आणि वर लाल औषध लावलं. शाळेत पडून गुडघे फोडून आलेल्या कितीतरी पोरांना तिने हे औषध लावलं होतं. मग खोक्यात चिंध्या अंथरून शिकाऊला न्हाणीघरात बादलीशेजारी ठेवलं. जमादार आंघोळीला गेले की शिकाऊ खोक्यातून मान काढून त्यांच्याकडे टक लावून बघे.

“बाई माणूस आहे,” जमादार म्हणाले. “लाज वाटते.”

त्यांचं बोलणं असंच, तुटक. मागच्या वर्षी उजवं अंग लुळं पडलं होतं. जीभ पुष्कळशी सुटली, पण शब्द एकेक करून बाहेर पडत, फाटकातून कैदी सोडल्यासारखे.

जखमेवर खपली धरली तशी सिस्टरने शिकाऊला उचललं, औषधाचा शेवटचा एक हात मारला आणि भर सकाळी परसात सोडलं. घरी परतलेल्या पेशंटला पाहून सगळ्या आनंदतील असं काही तिच्या मनात होतं असं नाही, पण जे झालं तेही नव्हतं. आधी मेट्रन धावली. तिच्यामागून तांबडी, जिने आजवर शिकाऊच्या वाटेला जाऊन कधी पाहिलं नव्हतं. आणि शेवटी जुळ्या. चौघींच्या चोची त्या लाल ठिपक्यावर. सिस्टरने केरसुणी घेऊन धाव घेतली, तोवर बटणाची वाटी झाली होती.

पुन्हा न्हाणीघर, पुन्हा खोकं. आणि काही दिवसांनी पुन्हा तेच, फक्त आधीपेक्षा वाईट.

“हात दाखवून अवलक्षण,” भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारच्या शिंपीणबाई दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर हनुवटी टेकून सगळा तमाशा बघत होत्या. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. “सिस्टर, तुम्ही तिला कुंकू लावून सोडताय की हो. कोंबडीला लाल दिसलं की चोच आवरत नाही. माझ्या आईच्या कोंबड्या माझ्या पायाच्या रंगवलेल्या नखांना टोचायच्या.”

“औषध आहे ते.”

“औषध तुमच्यासाठी. त्यांना वाटतं रक्त आहे.”

सिस्टरने काखेतल्या शिकाऊच्या मानेकडे पाहिलं. तिला स्वतःचाच राग आला, कारण हे खरं होतं आणि डोळ्यांसमोर होतं. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं ती नवशिक्या डॉक्टरांना ऐकवत असे.

“मी म्हणते कशाला एवढा खटाटोप,” शिंपीणबाईंनी टाचण्या पदरात खोचल्या. “एकीच्या पायी चौघी बिघडल्या. ती काळी मला द्या. रविवारी माझा भाऊ यायचाय जेवायला. अंगाने चांगली आहे. तुमच्याही डोक्याचा ताप गेला.”

सिस्टरने लगेच नकार दिला नाही. शिकाऊ तिच्या काखेत थरथरत होती, आणि तिचं छोटंसं काळीज बोटांना लागत होतं. “बघते,” ती म्हणाली.

वळून पाहिलं तर मागच्या दारात जमादार काठी टेकून उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“ती गेली,” ते म्हणाले, मग पुढच्या शब्दासाठी थांबावं लागलं, “तर मी कशाला उठू?”

एवढंच बोलून ते आत गेले. यात चेष्टा नव्हती, हे सिस्टरला सर्वांत जास्त ठाऊक होतं.

दुखण्यातून घरी आल्यावर जमादार भिंतीकडे तोंड करून पडून राहत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. ते चालत नसत. सिस्टरने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, रुसूनही पाहिलं. शेवटी काही काळ ती नुसतीच गप्प राहिली, आणि त्याच दिवसांत तिने मन रमवायला या कोंबड्या आणल्या. तेव्हा मेट्रन अजून अंड्यावर न आलेली तलंग होती. एका सकाळी ती उघड्या दारातून सरळ खोलीत आली, पलंगापाशी थांबली आणि चादरीबाहेर आलेल्या उजव्या पायाच्या अंगठ्याला तिने टोच मारली. ज्या पायाला टाचणी लावली तर जमादार “कुणास ठाऊक” म्हणत, तो पाय मागे सरकला. “हट्,” जमादार म्हणाले, स्वच्छ. त्यानंतर रोज सकाळी मेट्रन मागच्या दाराच्या पत्र्यावर चोचीने ठकठक करी, आणि जमादार “आलो, आलो” म्हणत काठी शोधत. दारापर्यंत दहाबारा पावलं. पण ती पावलं सिस्टरच्या कुठल्याही बोलण्याने पडली नव्हती.

म्हणजे आता सिस्टरकडे दोन पेशंट होते, आणि एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. मेट्रन राहिली तर शिकाऊ जगत नव्हती. मेट्रन गेली तर जमादार पुन्हा भिंतीकडे तोंड करणार.

अशा वेळी काय करायचं हे तिला नोकरीने शिकवलं होतं: औषध बदलण्याआधी पेशंटजवळ बसायचं. तिने बादली पालथी घातली आणि परसाच्या कोपऱ्यात सबंध सकाळ बसून राहिली.

थोड्या वेळाने कोंबड्या तिला विसरल्या. मग तिला दिसायला लागलं. दाण्यांचं भांडं एकच, दोन भिंतींच्या कोपऱ्यात. पाण्याचं त्याच्याच शेजारी. मेट्रन तोंडाशी उभी राहिली की बाकीच्यांना आत शिरायला वाट नाही आणि आत असलेलीला निसटायला वाट नाही. तांबडी मेट्रनचा मार खाई आणि जुळ्यांना देई. शिकाऊ न्हाणीघरात नसे तेव्हा जुळ्या तो तिला देत. शिकाऊकडे पुढे द्यायला कुणी नव्हतं. बळी तो कान पिळी, पण त्यातही शिस्त होती, पायऱ्या होत्या. प्रत्येकीला आपली पायरी पाठ होती. आणि जी काही दिवस दिसली नाही तिची पायरी पुसली जात होती. न्हाणीघरातून परतलेली शिकाऊ त्यांच्या दृष्टीने बरी झालेली शिकाऊ नव्हतीच. कुणीतरी परकी, मानेवर लाल खूण घेऊन घरात घुसली होती.

एवढं कळल्यावर तिने मेट्रनवर नजर ठेवली. ही इतर कोंबड्यांहून वेगळी का? त्याचं उत्तर मागच्या दारातून काठी टेकत आलं. जमादार पायरीवर बसले. डावा हात खिशात गेला, मूठभर दाणे निघाले. मेट्रन त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून तळहातावरचे दाणे खाऊ लागली. तांबडी जवळ आली; मेट्रनने वळून तिच्या डोक्यात एक हाणली. जमादारांनी मेट्रनच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा खिशात घातला.

“रोज देता?” सिस्टरने बादलीवरूनच विचारलं.

जमादार दचकले. ती तिथे आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. “थोडे.”

“तिने तांबडीला मारलं की लगेच?”

त्यांनी विचार केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला. “अरेरे,” ते म्हणाले.

“मला बोलायला तोंड नाही,” सिस्टर म्हणाली. “मी मार खाणारीला कुंकू लावत होते, तुम्ही मारणारीला बक्षीस देत होता. चांगली जोडी आहे.”

जमादारांची बोलायला जुळवाजुळव चालली होती. “आमच्याकडे,” ते म्हणाले, “बराकीत मारामारी झाली. की मार खाणारा नाही काढायचा. तो परत आला की… मेला. मारणारा काढायचा. थोडे दिवस. त्याची जागा… दुसरा घेतो. मग परत सोडायचा.”

“हे आधी का नाही बोललात?”

“तू विचारलं नाहीस. आणि,” त्यांनी मेट्रनकडे पाहिलं, “माझीच आहे.”

ठरलं. घराच्या पलीकडच्या बाजूला, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, एक जुना जाळीचा पिंजरा पडून होता. तिथून परस दिसत नसे. सिस्टरने तो घासून धुतला, दाणे-पाणी ठेवलं आणि मेट्रनला आत घातलं. मेट्रनने असा काही गोंधळ घातला की शिंपीणबाईंचं मशीन थांबलं.

“देताय ना मला?” भिंतीवरून आशेने विचारणा झाली.

“कोठडीत टाकलीय. सुटका व्हायचीय तिची.”

“मग माझ्या भावाला काय घालू?”

“जे आजवर घालत होता ते. पण तुमच्याकडे एक काम आहे.”

शिंपीणबाईंनी आयुष्यात पुष्कळ विचित्र मापं घेतली होती, पण कोंबडीचं घेतलं नव्हतं. सिस्टरने शिकाऊला मांडीवर धरलं, शिंपीणबाईंनी मानेपासून शेपटीपर्यंत टेप लावला आणि गंभीरपणे विचारलं, “पंखांखाली सैल ठेवू का? वाढत्या अंगाची आहे.” संध्याकाळपर्यंत गडद निळ्या कापडाची, पंखांखालून इलॅस्टिक घेतलेली, मान आणि पाठ झाकणारी छोटी झूल तयार झाली. शिंपीणबाईंनी कडेला दुहेरी शिलाई मारली होती. “आपल्या हातचं काम आहे, उसवायला नको,” त्या म्हणाल्या. लाल औषधाची बाटली कपाटात मागे गेली. जखमेवर जांभळं औषध, वर झूल.

मग सिस्टरने परसाची मांडणी बदलली. दाण्यांचं दुसरं भांडं अगदी दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ. पाणीही दोन ठिकाणी. मध्ये दोन पालथी खोकी, म्हणजे एकीला दुसरीच्या नजरेआड होता येईल. आणि सुतळीने टांगलेला कोबीचा गड्डा, कोंबडीच्या डोक्याहून वीतभर वर, कारण रिकाम्या चोचीला उद्योग हवा, नाहीतर ती शेजारणीच्या पाठीत जाते. सूर्य मावळला, कोंबड्या खुराड्यातल्या दांडीवर चढून पेंगायला लागल्या, तेव्हा तिने झूल घातलेल्या शिकाऊला जुळ्यांच्या शेजारी हळूच ठेवलं. सकाळी पाहिलं तर ती तिथेच होती. तांबडीने एकदा झूल ओढून पाहिली, कापड चोचीत आलं, तिने सोडून दिलं आणि कोबीकडे गेली. कोंबड्यांचं ठीक चाललं होतं.

जमादारांचं नव्हतं. पहिल्या सकाळी पत्र्यावर ठकठक झाली नाही. ते जागे होते, पण उठले नाहीत. सिस्टरने चहा पलंगाशी नेला. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी तिने चहा नेला तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. कप टेबलावर ठेवून ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मेट्रनला आज सोडलं, तर उद्या ते उठतील. पण तांबडी अजून नीट वर सरकली नव्हती. आज सोडली तर सगळं मुसळ केरात. शिकाऊची झूल खिडकीतून दिसत होती. फाटकाजवळच्या भांड्यात ती मान घालून खात होती, इकडेतिकडे न बघता. असं खाताना सिस्टरने तिला कधी पाहिलं नव्हतं.

तिने मन घट्ट केलं, अंथरूण झटकून द्यावं म्हणून खोलीत गेली, तर पलंग रिकामा.

काठी जागेवर नव्हती. मागच्या दारात कुणी नाही, न्हाणीघरात नाही. सिस्टर पुढच्या दाराने बाहेर आली आणि घराला वळसा घालून निघाली. तिकडची वाट अरुंद होती, खडबडीत, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुंड्या. एक कुंडी आडवी झाली होती. भिंतीच्या चुन्यावर खांद्याच्या उंचीला फरपटलेल्या हाताची खूण होती, आणि ती खूण कोपऱ्यापर्यंत गेली होती.

कोपऱ्यापलीकडे जमादार पिंजऱ्यासमोर उभे होते. डाव्या हातात काठी, उजवा पंजा जाळीवर टेकलेला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. आत मेट्रन जाळीला डोकं लावून घशातल्या घशात काहीतरी बोलत होती, तक्रारीचं.

सिस्टरने मनातल्या मनात अंतर मोजलं. खोली, ओसरी, पुढची पायरी, सगळी भिंत. दुखण्यानंतर ते एवढं कधीच चालले नव्हते.

“हे काय?” तिने विचारलं.

“भेट,” जमादार म्हणाले. “कैद्याला असते.”

“खिशात काय आहे?”

“काही नाही.” त्यांनी ओठ मिटले. मग कबूल केलं. “होते. आत आणता येत नाही बाहेरचं. नियम आहे. फाटकावर… म्हणजे पायरीवर ठेवले.”

पुढच्या पायरीवर खरंच मूठभर दाणे होते, हे तिने नंतर पाहिलं. येताना तिला दिसले नव्हते, कारण तिने खाली पाहिलंच नव्हतं. तिने त्यांना धरायला हात पुढे केला. ते म्हणाले, “राहू दे. आलो तसा जाईन.” आणि ते तसेच गेले, भिंतीला हात घासत, मधे दोनदा थांबून, आणि ती मागून दोन्ही हात उघडे ठेवून चालत राहिली, पहिली पावलं टाकणाऱ्या मुलामागे चालावं तशी. ते वळून म्हणाले, “अंगावर येऊ नकोस.”

त्यानंतर रोज सकाळी भेट असे. शिंपीणबाई ती वेळ साधून भिंतीशी येत आणि “आज काय म्हणतोय कैदी, भाऊजी?” असं विचारत. जमादार सांगत, “निर्दोष आहे. म्हणते.”

तांबडी भांड्याच्या तोंडाशी निर्धास्त उभी राहू लागली, तेव्हा एका संध्याकाळी सिस्टरने मेट्रनला सोडायचं ठरवलं. अंधुक झालं होतं, चौघी दांडीवर बसल्या होत्या. तिने मेट्रनला आणून टोकाला ठेवलं. मेट्रनने एकदा पिसं फुगवली, पण काळोखात कोंबडीला भांडण सुचत नाही.

सकाळी जमादार आणि सिस्टर दोघेही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहिले. मेट्रन खुराड्यातून उतरली आणि जणू रजेवरून परतलेली साहेबीण असावी तशी सरळ कोपऱ्यातल्या भांड्याकडे निघाली. तिथे तांबडी होती. तांबडीने मान वर केली आणि तिच्या तिरक्या तुऱ्यावर एकच टोच दिली. मेट्रन जागच्या जागी थांबली. कुणीतरी भर वॉर्डात डोक्यावरची टोपी उडवावी तशी. तिने पलटून एकदा मारून पाहिलं; तांबडी हलली नाही, आणि मेट्रन जरा वेळाने फाटकाजवळच्या भांड्याकडे वळली. तिथे शिकाऊ होती. मेट्रनने सवयीने तिच्या पाठीत चोच घातली. चोचीत शिंपीणबाईंची दुहेरी शिलाई आली. शिकाऊ खोक्यामागे गेली, दुसऱ्या बाजूने निघाली आणि त्याच भांड्यावर पुन्हा आली. दोघी खाऊ लागल्या. अगदी गळ्यात गळे नव्हते, पण खात होत्या.

“उद्या परत मारील,” सिस्टर म्हणाली.

“मारील की,” जमादार म्हणाले. “कोंबडी आहे.”

ते काठी घेऊन बाहेर गेले आणि पायरीवर बसले. मेट्रनने त्यांना पाहिलं. ती खायचं सोडून धावत आली, त्यांच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि डाव्या हाताच्या मुठीकडे एक डोळा करून बघू लागली. मुठीत दाणे होते.

सिस्टर खिडकीतून बघत होती. जमादारांनी मुठीकडे पाहिलं, मेट्रनकडे पाहिलं. त्यांच्या बोटांची उघडझाप झाली. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, काठीवर भार दिला आणि उठून चालू लागले, परसाच्या मध्यापर्यंत, टांगलेल्या कोबीपाशी. मेट्रन मागून तक्रार करत आली. तिथे उभं राहून त्यांनी काठी अंगाला टेकवली आणि डाव्या मुठीतले दाणे उजव्या पंज्यात ओतले. काही बोटांतून गळाले. मग त्यांनी उजवा हात मागे नेला, जेवढा जात होता तेवढा, आणि दाणे फेकले.

फार लांब गेले नाहीत. अर्धे त्यांच्याच चपलांवर पडले. पाचही कोंबड्या धावून आल्या आणि त्यांच्या पायांभोवती गोल करून टिपू लागल्या, मेट्रन तांबडीच्या बाजूला सरकून, शिकाऊ निळ्या झुलीत, आणि कुणाला कुणाकडे बघायला सवड नव्हती.

“नेम चुकला,” जमादार म्हणाले.

“उद्या परत फेका,” सिस्टर म्हणाली, आणि त्यांच्या खिशात भरायला डब्यातून आणखी दाणे घेऊन बाहेर आली.